तिपाईवरचा वारा

आमच्या दाजींनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या पाट्या केल्या. गावातल्या निम्म्या दुकानांवर त्यांच्या हातचं अक्षर आहे, पण त्यांच्या स्वतःच्या घरावर आजही पाटी नाही. टपालवाला नवा आला की पहिला आठवडा हमखास चुकतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, घरात राहणाऱ्यांना घर माहीत आहे, बाकीच्यांना काय करायचंय.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बोलणं इतकं कमी की जेवताना मीठ हवं असलं तरी बोटानं दाखवतील. मी याच्या अगदी उलट. माझं औषधांचं दुकान आहे, दिवसभर शंभर माणसांशी बोलतो, आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. म्हणून ही हकिगत मी सांगतोय. दाजींवर सोडली असती तर दोन वाक्यांत आटोपली असती, आणि त्यातलं एक 'हं' असतं.

माझ्या दुकानावरची पाटीही त्यांचीच. तेव्हा दुकान वडिलांचं होतं. दाजी पंचवीस वर्षांचे, खांद्यावर शिडी, खिशात तीन ब्रश. दोन दिवसांचं काम त्यांनी पाच दिवस पुरवलं. दोन अक्षरं रंगवायची, शिडीवरून उतरायचं, रस्ता ओलांडायचा, समोरच्या फुटपाथवर उभं राहून डोळे बारीक करून बघायचं, आणि परत शिडीवर. वडील वैतागले. तेव्हा दाजींनी त्यांना ऐकवलं की पाटी शिडीवरून कधी बघू नये, वाचणारा जिथे उभा राहणार तिथे जाऊन बघावी. वडिलांना हे फार पटलं, पुढे कित्येकांना त्यांनी ते स्वतःचं म्हणून सांगितलं. त्या फुटपाथवरून पाटीच्या बरोबर खाली, काउंटरमागे बसलेली ताईही दिसते, हे वडिलांच्या उशिरा लक्षात आलं. तोवर ताईनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

लग्न झालं आणि पहिल्याच महिन्यात ताईला वाटलं, आपण एका मुक्या माणसाशी संसार मांडला. मग एका रविवारी दाजी तिला मोटरसायकलवर बसवून गावाबाहेर घेऊन गेले, आणि शेवटचं घर मागे पडल्यावर बोलायला लागले. समोर कुणाचं तोंड नसलं आणि हात कामात गुंतलेले असले की या माणसाची जीभ सुटते, हे ताईनं तेव्हा ओळखलं. त्यानंतर तीस वर्षं एक रविवार चुकला नाही. ती त्यांच्या डाव्या खांद्यावर हनुवटी टेकून बसायची, कारण उजवा कान करवतीच्या आवाजानं मंद झालेला. घर कुठे बांधायचं, ब्रश सोडून ॲक्रिलिकची अक्षरं कापायचं यंत्र घ्यायचं की नाही, सगळं त्या गाडीवर ठरलं. माझ्या भाचीचं नावसुद्धा नदीच्या पुलावर ठरलं.

मग दाजींचा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, चालायला लागले, पण सिग्नलला थांबल्यावर गाडीचा भार पेलेना. दोनदा उभ्या उभ्या आडवे झाले. दुसऱ्या वेळी ताईही खाली आली, आणि दाजींनी त्याच आठवड्यात गाडी देऊन टाकली. पुढची दोन वर्षं त्या घरातला रविवार नुसता पडून असायचा. ताई विणत बसायची, दाजी खिडकीत बसायचे. मी जाऊन दोघांशी बोलून यायचो, त्यामुळे घरात माणसं राहतात एवढं तरी शेजाऱ्यांना कळायचं.

गेल्या वर्षी त्यांनी तीन चाकांची जुनी मोटरसायकल आणली. लांबच्या प्रवासाची, पुढे एक चाक, मागे दोन, मागच्या चाकांच्या मध्ये चांगली मोठी डिकी. मागे बसणाऱ्याला पाठ टेकायला उशी, हात ठेवायला जागा, एखादी राणी बसावी असा थाट. पाय टेकायचा प्रश्नच नाही, ती आपली आपण उभी. गल्लीनं पहिल्याच दिवशी तिचं नाव तिपाई ठेवलं. दाजींना राग आला नाही. नाव वाचायला सोपं आहे, असं म्हणाले.

पहिल्या रविवारी दोघं निघाले तेव्हा मी दुकानाच्या पायरीवर उभा राहून हात हलवला. खरं सांगतो, डोळे भरून आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई दुकानात आली आणि तिनं डोकेदुखीच्या गोळ्या मागितल्या. पुढच्या सोमवारीही आली. त्याच्या पुढच्या सोमवारी गोळ्यांबरोबर मानेला लावायचं मलमही मागितलं.

ताईनं घरी एवढंच सांगितलं होतं की मागे जरा वारा लागतो. एवढं दाजींना पुरलं. वारा लागतो तर पुढची काच उंच करू, आणि काच म्हणजे तरी काय, ॲक्रिलिकच. हा तर त्यांचा हातखंडा. घराखालच्याच खोलीत त्यांचा कारखाना आहे. भिंतीवर बंद पडलेल्या दुकानांची अक्षरं टांगलेली, कोपऱ्यात करवत, आणि सगळीकडे तापलेल्या प्लास्टिकचा गोडसर वास. तिथे त्यांनी जाड पारदर्शक पत्रा कापला, तारेच्या शेगडीवर धरून मऊ केला, जाड हातमोजे घालून हळूहळू वाकवला, आणि कडा इतक्या घासल्या की त्यावरून गाल फिरवावा. पुढच्या रविवारी गाडी चालवता चालवता ओरडून विचारलं, आता कसं? ताईनं मागून ओरडून सांगितलं, बरं आहे.

'बरं' म्हणजे पुरेसं नाही, असं धरून त्यांनी दुसरी काच केली, पहिलीपेक्षा चार बोटं उंच. मग तिसरी, कडांना बाहेर वळवलेली. तिसरी काच इतकी उंच झाली की तिच्यामागे दाजी तिकीटखिडकीतल्या कारकुनासारखे दिसायचे. नाकापेक्षा मोती जड. पण पुढे बसून अनुभव विचाराल तर स्वर्ग. शर्टाची कॉलरसुद्धा हलत नाही, असं दाजींनी मला आपणहून सांगितलं, म्हणजे बघा किती खूश असतील.

मागची गोष्ट वेगळी होती. मागची बैठक उंच आणि लांब, त्यामुळे ताईची हनुवटी आता खांद्यापर्यंत पोचत नव्हती. दाजींनी दोघांच्या हेल्मेटमध्ये बोलण्याचं यंत्र बसवून घेतलं होतं, पण त्यातून नुसती घरघर यायची. ती काही बोलली तर त्यांना ऐकू येईना, ते काही बोलले तर तिला. तीन-चार रविवार प्रयत्न करून दोघं गप्प झाली, आणि घरी आल्यावर तर गप्पच असायची.

चौथ्या महिन्यात ताई म्हणाली, तुम्ही जाऊन या, माझं विणकाम राहिलंय. दाजी एकटे गेले. पुढच्या रविवारीही एकटेच गेले, आणि त्याच्या पुढच्या रविवारी अर्ध्या तासात परत आले. त्यांनी मनाशी हिशेब मांडला की बायकोला आता आपल्याबरोबर यायचं नाही. या वयात तिपाईवर मिरवायची तिला लाज वाटत असेल. विचारायचं तर बोलावं लागतं, बोलायला गाडी लागते, आणि गाडीवर ती बसत नाही. मग काय करणार? त्यांनी गाडी विकायला काढली.

चौकातल्या दातांच्या डॉक्टरांचा तिपाईवर पहिल्यापासून डोळा होता. ते दोनदा येऊन टायरांवर टिचक्या मारून गेले होते, दात तपासावेत तशा. दाजींनी त्यांना महिन्याच्या शेवटच्या रविवारची दुपारी चारची वेळ दिली. चार वाजता या, किल्ली घेऊन जा. ही बातमी मला डॉक्टरांकडून कळली, घरातून नाही.

दुसऱ्या दिवशी ताई गोळ्या न्यायला आली. बसणं सोडून तीन आठवडे झाले होते, तरी मान धरलेलीच होती. मी गोळ्या काउंटरच्या आतच ठेवल्या. म्हटलं, आधी सांग, तुला होतंय काय. ती इकडेतिकडे बघायला लागली. मी म्हटलं, गिऱ्हाईक येईपर्यंत वेळ आहे, आणि गिऱ्हाईक आलं तरी मी विचारणारच आहे.

तेव्हा ती बोलली. मागे बसलं की कुणीतरी दोन्ही हातांनी डोकं धरून हलवत राहावं तसं होतं. सरळ वारा लागला तर माणूस सोसेल, हा वारा वरून थप्पड मारतो, खालून ढकलतो, बाजूनं कानात शिरतो. आणि प्रत्येक नव्या काचेबरोबर ते वाढत गेलंय.

"मग तू 'बरं आहे' का म्हणत होतीस?"

"आठ-आठ दिवस राबून करायचे रे ते. कडा बघितल्यास का, किती गुळगुळीत करतात? तोंडावर 'नाही' कसं म्हणू?" मग डोळे पुसून म्हणाली, "त्यांना सांगू नकोस हं."

मी मान डोलावली. ती वळणापलीकडे गेली, मी दुकान मदतनीस बाईंवर सोपवलं आणि तडक दाजींच्या कारखान्यात गेलो. मला ताईचा राग आला होता, दाजींचा त्याहून जास्त, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तसा चार महिने मी वाऱ्यावर गोळ्या विकत होतो.

दाजी कुठल्याशा बेकरीच्या अक्षराला कानस मारत होते. मी सगळं सांगून टाकलं. त्यांचा हात थांबला. मग हळू आवाजात म्हणाले, पण पुढे तर काहीच लागत नाही.

"दाजी, पाटी शिडीवरून बघू नये, वाचणारा उभा राहतो तिथून बघावी, हे कोण सांगत आलंय? तीस-पस्तीस वर्षं जगाला शिकवलंत. आणि स्वतःच्या बायकोची काच तुम्ही पुढच्या सीटवरून बघताय."

त्यांनी कानस खाली ठेवली. हातावरची पांढरी भुकटी झटकली. मला वाटलं, जरा जास्तच बोललो. मग म्हणाले, म्हणजे मागे बसून बघायला हवं.

आता प्रश्न आला, चालवणार कोण? मला चारपेक्षा कमी चाकांचं काही जमत नाही. तेवढ्यात जिन्यावरून ताईचा आवाज आला. मी दुकानात नाही हे बघून तिनं ओळखलंच होतं मी कुठे असणार. "मी चालवते," ती म्हणाली. "पडणार तर नाही ना ती?"

ताईनं आयुष्यात सायकलसुद्धा चालवली नव्हती, तोल जाईल या एकाच भीतीनं. तिपाईला तोलच नको. गावाबाहेर जुन्या गोदामासमोर सिमेंटचं मोठं पटांगण आहे, तिथे शिकवणी सुरू झाली. तीन चाकांची गाडी दोन चाकांसारखी वळणावर झुकत नाही, हँडल ओढून वळवावी लागते. दाजींना जुनी सवय मोडायला महिना लागला होता. ताईला मोडायला काही सवयच नव्हती, तिसऱ्या फेरीला ती गोदामाला वळसा घालून आली. दाजींनी शिकाऊ चालकाची लाल पाटी स्वतः कापून, कडा घासून, मागे लावली. इतकी देखणी पाटी त्या परवाना कार्यालयानं कधी बघितली नसेल. तिथल्या साहेबांनी ती उलटसुलट करून बघितली आणि कुठून आणली ते विचारून घेतलं.

आठवड्याभरानं ते दोघं हमरस्त्याला लागले, ताई पुढे, दाजी मागे, मी माझ्या गाडीतून त्यांच्या पाठोपाठ. साठच्या पुढे वेग गेला तसं दाजींचं डोकं डुगडुगायला लागलं. ऐंशीला ते असं हललं की मलाच बघवेना. त्यांनी ताईच्या खांद्यावर हात मारला. गाडी बाजूला लागली. दाजी उतरले, हेल्मेट काढलं, आणि मैलाच्या दगडावर बसले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्यातलं वाऱ्याचं किती ते मला सांगता येणार नाही.

"चार महिने असंच?" त्यांनी विचारलं.

"तिसऱ्या काचेनंतर जरा जास्त," ताई म्हणाली.

"चुकलं माझं."

हे दोन शब्द दाजींच्या तोंडून मी तोवर ऐकले नव्हते. ताई त्यांच्याशेजारी त्या दगडाच्या कडेला टेकली, जागा एकाचीच होती तरी. ती म्हणाली, माझंही चुकलं, मी 'बरं' म्हणत राहिले. मी उगाच गाडीचं बॉनेट उघडून आत बघत उभा राहिलो. गाडीला काही झालं नव्हतं.

त्या दिवसापासून दाजींनी घरात 'बरं' या शब्दावर बंदी घातली. फरक पडला तर 'हो', नाही पडला तर 'नाही', तिसरं उत्तर नाही. पण वारा दिसत नाही, मग नेमका येतो कुठून हे कळणार कसं? ते ताईनं सोडवलं. तिच्या टोपलीतली उरलीसुरली लाल लोकर तिनं वीतभर लांबीची कापली आणि चिकटपट्टीनं सगळीकडे लावली, काचेच्या कडेला, आरशांना, पुढच्या चाकाच्या दांड्यांपाशी, दाजींच्या गुडघ्यांना, छातीवर, दोघांच्या हेल्मेटवर. माझ्या गाडीच्या खिडकीला दाजींनी फोन पक्का बांधला. सकाळच्या रिकाम्या रस्त्यावर मी त्यांच्या शेजारून चाललो. येणारे-जाणारे थांबून बघत होते. तिपाईला केस फुटल्यासारखे दिसत होते.

घरी येऊन आम्ही जेवायच्या टेबलावर ते चित्रण बघितलं. काचेच्या वरच्या कडेची लोकर दाजींच्या डोक्यावरून मागे जात होती आणि तिथे खाली कोसळून ताईच्या हेल्मेटवर आपटत होती. गुडघ्यांपाशी लावलेली लोकर सरळ उभी होती, आभाळाकडे. पण खरी गंमत दाजींच्या छातीवर होती. तिथली लोकर पुढे, काचेकडे झुकली होती.

"वारा मागून पुढे येतोय," दाजी म्हणाले, आणि खुर्चीतून उठलेच.

त्यांनी मला समजावलं ते मी जसं समजलो तसं सांगतो. काच जितकी मोठी तितकी तिच्यामागे पोकळी मोठी. ती भरायला वारा मिळेल तिथून घुसतो, वरून, बाजूनं, दांड्यांमधून गुडघ्यांखालून, आणि ही सगळी झुंबड मागच्याच्या डोक्याशी होते. धावत्या गाडीची मागची एकच काच खाली केली की कानात धपधप होत राहतं, पुढची जरा उघडली की थांबतं, तसंच हे. वारा अडवायचा नाही, थोडा आत घ्यायचा. चार महिने दाजी उलट्या दिशेनं राबत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती तिसरी काच करवतीखाली धरली. आठ दिवसांच्या घासकामाची कड खाली पडली तेव्हा मलाच कसंतरी झालं, दाजींना झालं नाही. दोन बोटं कापायची, रस्त्यावर जायचं, ताईला विचारायचं. नाही. आणखी दोन बोटं. नाही. ताईला 'नाही' म्हणायची चटकच लागली, घरातही म्हणायला लागली. दाजींनी काचेच्या तळाशी हात जाईल एवढी आडवी फट पाडली आणि तिच्यावर वाकवलेली पट्टी बसवली, म्हणजे वारा अंगावर न येता वर जाईल. विचारलं, तर ताई म्हणाली, अर्धं हो. अर्धं उत्तर चालणार नाही, असं दाजी म्हणाले, पण हसले.

उरलं ते खालून येणारं. पुढच्या चाकाच्या दांड्यांशेजारी दोन पंख लावायचे ठरलं. आधी खोक्याचा पुठ्ठा कापून चिकटपट्टीनं लावून बघितला, तो वाटेत उडाला. मग कापलेल्या काचेच्याच तुकड्यांतून पंख घडवले, एक उजवा, एक डावा. तोवर शनिवार उजाडला होता. रविवारी चार वाजता डॉक्टर येणार होते.

मी दाजींना म्हटलं, डॉक्टरांना नाही म्हणून सांगा. ते म्हणाले, शब्द दिलाय. उद्या सकाळी पुलापर्यंत जाऊन येतो. ती 'हो' म्हणाली तर मी डॉक्टरांच्या पाया पडेन, 'नाही' म्हणाली तर किल्ली देईन. तिला दुखवून मला गाडी नको. एवढी वाक्यं जमिनीवर उभं राहून त्यांनी पहिल्यांदाच जुळवली असतील, त्यामुळे मी पुढे काही बोललो नाही.

रविवारी सकाळी नऊला निघाले. दाजी पुढे, ताई मागे, हेल्मेटवर तेवढे चार लोकरीचे धागे ठेवलेले. मी मागून. गाव संपलं, वेग साठ झाला, मग ऐंशी. मी शेजारच्या मार्गिकेतून जरा पुढे काढली आणि बघितलं. ताईच्या हेल्मेटवरचे धागे पाठीमागे सरळ पडून होते, ओल्या केसांसारखे. डोकं स्थिर होतं. आणि हेल्मेटच्या काचेआड तिचे ओठ हलत होते.

ती बोलत होती. काय बोलत होती ते मला कसं कळणार, पण थांबत नव्हती. वाऱ्याबरोबर हेल्मेटच्या यंत्रातली घरघरही गेली असणार, कारण दाजी मान डोलावत होते. बारा किलोमीटर ती बोलत राहिली, आणि मी, ज्याला दोन मिनिटं गप्प बसवत नाही, गाडीत एकटा गप्प बसून ते बघत राहिलो. मला इतका आनंद झाला होता की पुढचा ट्रक थोडक्यात चुकला.

पुलावर ते थांबले. दोघं उतरले. इथून वळायचं ठरलं होतं, म्हणून मीही गाडी वळवायच्या तयारीला लागलो. तर ताई चालत जाऊन पुढच्या सीटवर बसली. दाजींनी डिकीतून लाल पाटी काढली, मागे अडकवली, दोन पावलं लांब जाऊन ती सरळ लागली आहे का बघितलं, आणि ताईच्या मागे बसले. आणि तिपाई वळली नाही. सरळ पुढे निघाली.

त्या दिशेला तीनशे किलोमीटरवर माझी भाची राहते. मी दोन किलोमीटर पाठलाग केला, हॉर्न वाजवला. शेजारी आलो तेव्हा ताईनं रस्त्यावरची नजर न हलवता हात झटकला, जा घरी म्हणून. तिच्यामागे दाजी बसले होते, हात मांडीवर, पाठ उशीला टेकलेली, आणि आता त्यांचे ओठ हलत होते. मी घरी आलो. त्यांच्या घराची किल्ली माझ्या खिशात होती. सकाळीच ताईनं ती माझ्याकडे दिली होती, 'राहू दे तुझ्याजवळ' म्हणून. डिकीत तिनं दोघांचे दोन जोड कपडेही आदल्या दिवशीच टाकले होते, हे मला नंतर कळलं.

चार वाजता दातांचे डॉक्टर आले. इस्त्रीचा शर्ट, काखेत नवं कोरं हेल्मेट. मी दाजींच्या कारखान्याच्या पायरीवर बसलो होतो. त्यांनी विचारलं, गाडी कुठेय? मी म्हटलं, गेली. त्यांचा चेहरा पडला. दुसऱ्याला विकली का, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, नाही हो, बायकोला घेऊन गेलेत. मग जरा विचार करून दुरुस्ती केली की बायको त्यांना घेऊन गेली आहे.

तेवढ्यात फोन वाजला. भाची होती. "मामा, आई-बाबा आत्ताच पोचले," ती म्हणाली, आणि तिचा आवाज खाली गेला. "बाबांना काय झालंय? खाली उतरल्यापासून बोलतायत. फाटकातच उभे आहेत, आत यायचं नावच घेत नाहीत. काहीतरी लोकरीचं सांगतायत."

मी म्हटलं, काही नाही झालं, बोलू दे त्यांना. फोन ठेवला तरी मला थोडा वेळ काही दिसेना, चष्मा पुसावा लागला.

डॉक्टर हेल्मेट या हातातून त्या हातात करत उभे होते. "मग येणार कधी ते?" त्यांनी विचारलं.

"बोलणं संपलं की," मी म्हणालो.

ते पायरीवर माझ्याशेजारी बसले, हेल्मेट मांडीवर घेऊन. थांबण्यात अर्थ नाही हे मी त्यांना सांगायला हवं होतं. पण मलाही हे सगळं कुणाला तरी सांगायचंच होतं, आणि दातांचा डॉक्टर सहसा स्वतःचं तोंड बंद ठेवून ऐकतो.